न दिसणारं छप्पर

पॅरिसच्या नोत्र दाममध्ये उभं राहून मान वर केली की दगडी कमानींचं छत दिसतं. त्या छताच्या वर, शिशाच्या पत्र्याखाली, ओकचा मोठा सांगाडा आहे. तो खालून कोणालाच दिसत नाही. १५ एप्रिल २०१९ च्या आगीत जळाला तो हाच. तेराव्या शतकातल्या लाकडी कैच्या इतक्या दाट होत्या की फ्रेंच लोक त्याला 'जंगल' म्हणत.

तेव्हा माझं मत सरळ होतं: जे दिसणारच नाही ते पोलादात करा. याला दाखलेही होते. शार्त्रच्या कॅथिड्रलचं छप्पर १८३६ मध्ये जळालं, तिथे लोखंडी सांगाडा आला. रँसचं पहिल्या महायुद्धात गेलं, तिथे काँक्रीटचे सुटे भाग जोडून नवं उभारलं. दोन्ही इमारतींचं काही बिघडलेलं नाही.

मत बदललं ते सुतारकामाबद्दल वाचताना. रेमी फ्रोमाँ आणि सेद्रिक त्रांतसो या वास्तुरचनाकारांनी आगीच्या काही वर्षं आधी, २०१४ मध्ये, या सांगाड्याची मोजमापं घेऊन नकाशे काढले होते. नशीब म्हणायचं. पण नकाशा वाशाची लांबी-जाडी सांगतो, वासा कसा घडवायचा ते सांगत नाही. मध्ययुगीन सुतार ओला ओक घेई आणि रुंद पात्याच्या कुऱ्हाडीने चारी बाजूंनी तासून खोडाचा चौकोन करी. करवत सरळ रेषेत जाते आणि लाकडाचे तंतू तोडते. कुऱ्हाड तंतूंच्या कलाने जाते. झाड जिथे किंचित वाकलं, तिथे वासाही वाकतो, पण तंतू अखंड राहिल्याने मजबूत राहतो. म्हणजे तो वाकडेपणा ढिसाळ कामाचा नव्हे. मी मात्र जुन्या छपरांचे फोटो पाहताना तसंच समजत आलो होतो.

नव्या कामात मुख्य दालनाचं आणि वेदीकडच्या भागाचं लाकूड असंच तासलं गेलं. कुऱ्हाडीही मुद्दाम घडवून घेतल्या. हे येणारी माणसं होती, याचं बरंच श्रेय बर्गंडीतल्या गेदलाँला जातं. तिथे १९९७ पासून तेराव्या शतकाच्या पद्धतीने एक किल्ला बांधला जातोय. पर्यटकांसाठीची गंमत म्हणून तो प्रकार मीही हसण्यावारी नेला असता. नोत्र दामच्या काही सुतारांचा हात तिथेच बसला होता.

इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती 'जसंच्या तसं' या शब्दांबद्दल. आगीत कोसळलेलं निमुळतं शिखर मध्ययुगीन नव्हतंच. मूळ शिखर अठराव्या शतकातच उतरवलं गेलं होतं. हे व्हियोले-ल-द्यूकने १८५९ मध्ये उभारलेलं, मूळच्यापेक्षा उंच आणि सजवलेलं. एखादी इमारत पूर्वी कधीच नव्हती इतकी 'पूर्ण' करणं म्हणजेच जीर्णोद्धार, असं मानणारा हा माणूस. त्याचं शिखर २०२० मध्ये वारसा ठरलं आणि तसंच पुन्हा बांधलं गेलं. ठीक. मग त्याच माणसाच्या काळातल्या दक्षिणेकडच्या सहा खिडक्या, ज्या आगीतून धडधाकट वाचल्या, त्या काढून नव्या रंगीत काचा बसवण्याचं का ठरलं? वारशाबाबत सल्ला देणाऱ्या राष्ट्रीय आयोगाने २०२४ मध्ये एकमताने विरोध केला, तरी क्लेर ताबुरे या चित्रकर्तीची निवड झाली. तिच्या चित्रांशी माझं भांडण नाही. आजची काच कॅथिड्रलमध्ये येऊच नये असंही मी म्हणणार नाही. पण जळालेलं शिखर परत उभारायचं आणि न जळालेल्या काचा उतरवायच्या, हे दोन्ही एकाच वारशाच्या नावाखाली कसं बसतं?

फरक मला एवढाच दिसतो: शिखर पॅरिसभर दिसतं, आणि त्या करड्या, फिकट काचांकडे कोणी फारसं बघत नाही. पण बघणाऱ्यांचाच हिशेब धरायचा, तर वरच्या ओकला कुऱ्हाड लावायचीही गरज नव्हती.