पकडणाऱ्यांचे वेगवेगळे आनंद

२७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये ‘गेम बॉय’ या हातातल्या खेळयंत्रासाठी ‘पोकेमॉन’चे ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ हे दोन गेम आले. त्यांचे जनक सातोशी ताजिरी यांना लहानपणी कीटक गोळा करण्याचा नाद होता. काही पोकेमॉन, म्हणजे त्यातले प्राणी, फक्त एकाच गेममध्ये सापडत. त्यामुळे पोकेडेक्स ही त्यांची नोंदवही पूर्ण करायची तर दोन यंत्रे केबलने जोडून मित्राशी अदलाबदल करावीच लागे. पकडणे, वाढवणे, लढवणे आणि देवाणघेवाण, एवढ्याच भांडवलावर हा प्रकार उभा राहिला. पुढे त्याला खरी श्रीमंती आणली ती खेळाडूंनी.

संग्राहकांची निष्ठा यात सर्वांत जुनी. १९९९ च्या ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’मध्ये वेगळ्या रंगाचे ‘शायनी’ पोकेमॉन आले. असा एखादा भेटण्याची शक्यता ८,१९२ मध्ये एक. २०१३ च्या ‘एक्स’ आणि ‘वाय’पासून ती ४,०९६ मध्ये एक झाली. रंगामुळे लढाईत काडीचाही फायदा होत नाही, तरी त्यासाठी लोक एकाच गवतात आठवडेच्या आठवडे घालवतात.

स्पर्धक त्याच प्राण्याकडे आकडे आणि डावपेच म्हणून पाहतो. अधिकृत स्पर्धांत दोनास दोन अशी लढत होते, आणि प्रतिस्पर्धी काय करील याचा अंदाज बांधण्यातच अर्धा खेळ असतो. २०१४ च्या जागतिक स्पर्धेत दक्षिण कोरियाच्या से जुन पार्कने पाचिरिसू ही दुबळी समजली जाणारी खार संघात घेतली. शत्रूचे वार स्वतःकडे ओढून घ्यायचे आणि जोडीदाराला मोकळे रान द्यायचे, हे तिचे काम. पार्क विजेता ठरला, आणि गोंडस म्हणून बाजूला ठेवलेल्या प्राण्याकडे सगळे नव्याने पाहू लागले.

‘नझलॉक’ खेळणाऱ्यांची वाट याहून निराळी. २०१० मध्ये एका वेबकॉमिकमधून पसरलेले हे नियम गेममध्ये कुठेच लिहिलेले नाहीत. प्रत्येक भागात पहिला भेटेल तोच पोकेमॉन पकडायचा, त्याला नाव द्यायचे आणि तो बेशुद्ध पडला की मेला असे मानायचे. संग्राहकाला सगळे हवे असतात. इथे जे नशिबी आले त्यांच्याशीच जीव जडतो. मुलांसाठी बनलेल्या गेममध्ये खेळाडूंनी शोकाला जागा करून दिली, ही या कलेतली मोठी घटना आहे.

काहींचा आनंद समूहाने खेळण्यात आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये ट्विच या थेट प्रक्षेपणाच्या संकेतस्थळावर लाखो लोकांनी मिळून ‘रेड’चा एकच डाव खेळला. चॅटमधल्या आज्ञांनी पात्र हलत होते. त्या गोंधळातूनही १६ दिवसांत गेम संपला. २०१६ मध्ये फोनवरच्या ‘पोकेमॉन गो’ने खेळ रस्त्यावर आणला. भारतात तो त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अधिकृतपणे येण्याआधीच मुंबई-पुण्यातली तरुण मंडळी फोन हातात घेऊन बागा पालथ्या घालत होती.

अलीकडच्या गेममध्ये मात्र हे आनंद एकमेकांपासून तुटत चालले आहेत. २०१९ च्या ‘सोर्ड’ आणि ‘शील्ड’मध्ये जुने सगळे पोकेमॉन आणता येणार नाहीत, असे निर्मात्यांनी सांगितले तेव्हा वर्षानुवर्षे तेच प्राणी एका गेममधून दुसऱ्यात नेणारे चाहते दुखावले. २०२२ च्या ‘लेजंड्स: आर्सियस’मध्ये पकडण्याची मजा अपूर्व आहे, पण खेळाडूंच्या आपसातल्या लढती नाहीत. त्याच वर्षीच्या ‘स्कार्लेट’ आणि ‘व्हायोलेट’ने मोकळे जग दिले आणि कथा हव्या त्या क्रमाने खेळू दिल्या, पण तांत्रिक दोषांनी ते गेम पोखरलेले होते.

प्रयोगाची धमक सध्या छोट्या निर्मात्यांत अधिक दिसते. ब्रिटनच्या ‘बिटन स्टुडिओ’च्या ‘कॅसेट बीस्ट्स’मध्ये (२०२३) राक्षस टेपवर रेकॉर्ड होतात, खेळाडू स्वतः त्यांचे रूप घेतो आणि कोणत्याही दोघांचा संयोग करता येतो. त्यातून संग्राहकाला असंख्य रूपे मिळतात आणि डावपेच रचणाऱ्याला नवे डाव. ‘पोकेमॉन’कडेही हे वैभव होते: ‘रुबी’ आणि ‘सफायर’मध्ये सौंदर्यस्पर्धा होत्या, ‘एमराल्ड’मध्ये सात वेगवेगळ्या नियमांची लढाईकेंद्रे. ‘स्कार्लेट’ आणि ‘व्हायोलेट’मध्ये यांपैकी काहीच नाही. पुढच्या मुख्य गेमकडून आणखी शंभर नव्या प्राण्यांपेक्षा या दोन गोष्टी परत मागायला हव्यात.