लक्ष्मीबाईंचा जमाखर्च

दिवाळी अंक घरात आला, की आमच्याकडे आधी आठवणींची पाने उघडली जातात. पुढ्यात फराळाची बशी असावी आणि कोणा आजीबाईंनी आपले माहेर, सासर, काशीयात्रा, लोणच्याच्या बरण्या यांविषयी चार गोष्टी सांगाव्यात, हे वाचकाला मनापासून आवडते. मलाही आवडते. परंतु खरे सांगायचे, तर ह्यातल्या बहुतेक आज्या मला एकसारख्या दिसतात. सासू कडक पण प्रेमळ, नवरा रागीट पण मनाचा मोठा, दिवस गरिबीचे पण सुखाचे! जे दुखले होते त्याच्यावर हा 'पण' हळूच पांघरूण घालतो. असे लेखन फार झाले, की मी कपाटातून 'स्मृतिचित्रे' काढतो.

लक्ष्मीबाई टिळकांचे हे पुस्तक १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाले. तेव्हा त्यांनी साठी ओलांडलेली होती आणि त्या नातवंडांच्या आजी झालेल्या होत्या. शाळेचे तोंड त्यांनी पाहिलेले नव्हते. लिहावाचायला त्यांना शिकवले ते लग्नानंतर पतीने, कवी नारायण वामन टिळकांनी. म्हणूनच की काय, ह्या पुस्तकाविषयी बोलताना 'साधे', 'भाबडे', 'निर्व्याज' ही विशेषणे आपल्या तोंडी सहज येतात. मला ही स्तुती अपुरी वाटते, आणि थोडी अन्यायाचीही.

पुस्तकाच्या आरंभीचे वडिलांचे सोवळे पाहा. सत्तावन्नच्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना फाशी झाली आणि त्या धक्क्याने त्यांच्या वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. बाहेरून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात घ्यायची नाही, असा कारभार सुरू झाला. वाचताना आपण हसतो. पण हे धुण्यापुसण्याचे कष्ट कोणाच्या वाट्याला आले आणि मुलांनी कोणत्या धाकात दिवस काढले, तेही त्याच पानांत नोंदलेले आहे. हसू जमेच्या बाजूला, भोगलेले खर्चाच्या बाजूला. बाई एका बाजूची रक्कम दुसऱ्या बाजूला फिरवीत नाहीत. भाबड्या माणसाला हे जमत नाही. त्याला विवेक लागतो.

पतीविषयी लिहितानाही हीच रीत आहे. रमाबाई रानड्यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक १९१० सालचे. त्यात पत्नी एक पाऊल मागे उभी राहून थोर पतीकडे पाहते आणि त्या आदराची शोभा त्या पुस्तकाला आहे. लक्ष्मीबाई मात्र शेजारी उभ्या आहेत. त्या सरळ 'टिळक' म्हणतात. टिळकांची कविता, त्यांची दानत, त्यांचा संताप, न सांगता घरातून निघून जाण्याची खोड हे सारे त्या सांगतात आणि त्याबरोबर आपला हट्ट व आपली फजितीही सांगतात. स्वतःला वगळून त्यांनी कोणाचा हिशेब मांडलेला नाही, म्हणून तो आपल्याला पटतो.

आता प्रवासाविषयी. त्या काळच्या स्त्रीने प्रवास 'केला' असे म्हणणे कठीणच आहे. तिला नेले जाई, आणले जाई किंवा ठेवले जाई. राजनांदगावला निघालेल्या टिळकांना आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाने बायबल दिले आणि १८९५ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पत्नीला त्यांनी विचारलेले नव्हते. मागे राहिलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढची काही वर्षे नातलगांच्या आधाराने काढली. पुढे त्या नगरला टिळकांकडे गेल्या. सोवळ्यात वाढलेल्या ह्या बाईने कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा निश्चय केला, तो मात्र सर्वस्वी स्वतःच्या विचाराने. त्यांचा सगळ्यांत लांबचा प्रवास मी ह्यालाच म्हणतो. त्याला तिकीट लागले नाही.

पुस्तकात उणे काहीच नाही असे नाही. १९१९ मध्ये टिळक गेले. त्यानंतरच्या भागात प्रसंगांची गर्दी होते आणि आधीचा पीळ सैल पडतो. भांडायला समोर माणूस उरला नाही, हे त्या पानांवरही जाणवते.

हे सारे मला उशिरा कळले, त्याचे कारण घरगुती आहे. माझी आजी दौंडची. दौंड–मनमाड हा लोहमार्ग १८७८ सालचा आणि टिळकांचे नगर व राहुरी त्याच मार्गावर आहेत. (नगरला आता अहिल्यानगर म्हणतात.) दोन लहान मुलांना घेऊन दौंडच्या फलाटावर काढलेल्या एका रात्रीची गोष्ट आजी दर दिवाळीला सांगे. गाडी चुकली, धाकट्याने दशम्यांचे गाठोडे शेजारच्या बाईच्या बकरीला खाऊ घातले, आणि पहाटे त्या बाईनेच आपली भाकरी मोडून सर्वांना दिली. आम्ही पोट धरून हसत असू. चकल्या तळता तळता आजीही हसे.

शिरूरला घोड नदी ओलांडली, की पलीकडे नगर जिल्हा लागतो. अलीकडचीच गोष्ट. शिरूरच्या शाळेत मुलांना लक्ष्मीबाईंविषयी सांगत होतो, तेव्हा एका मुलीने विचारले, "गुरुजी, पण त्या एकट्याच का निघाल्या होत्या?" तिने विचारले लक्ष्मीबाईंविषयी. मला दिसला दौंडचा फलाट. माझी आजी दोन मुले घेऊन रात्रीच्या वेळी एकटी नगरकडे का निघाली होती? आजोबा कुठे होते? ती माहेरी चालली होती, की घर सोडून? वीस वर्षे मी ती गोष्ट ऐकली आणि हे एकदाही विचारले नाही. आता सांगायला कोणी उरले नाही. बकरी तेवढी सर्वांच्या लक्षात आहे.

लक्ष्मीबाईंना 'भाबड्या' म्हणणारे आपण घरच्या आजीलाही तसेच ऐकतो. गंमत ठेवून घेतो आणि बाकीचे तिच्याकडेच राहू देतो. वाचकहो, ह्या दिवाळीत तुमच्या घरी आजी असेल आणि ती तिची नेहमीची गोष्ट सांगू लागेल, तर हसून झाल्यावर लगेच उठू नका. "मग तू तेव्हा काय केलंस, आजी?" एवढे विचारा. उत्तर कदाचित सणाला साजेसे नसेल. तरी बसून ऐका.