भोवळ आणि सोंग : राइडच्या पुनर्लेखनाचा प्रश्न

१

करमणूक-उद्यानातील एखादी जुनी राइड पाडून तिच्या जागी एखाद्या लोकप्रिय चित्रपटाच्या कथासूत्रावर बेतलेली नवी राइड उभी केली जाते, तेव्हा तिच्या चाहत्यांमध्ये मोठा वाद माजतो. हा वाद सामान्यतः स्मरणरंजन विरुद्ध नावीन्य अशा सोप्या द्वंद्वात मांडला जातो. लहानपणी आपण ज्यात बसलो ते नष्ट होऊ नये, असे एका पक्षाचे म्हणणे असते. काळ बदलला, मुले बदलली, तेव्हा राइडही बदलली पाहिजे, असे दुसऱ्या पक्षाचे. ह्या मांडणीत मूल्यमापनाला जागाच उरत नाही. एकाचे बालपण दुसऱ्याच्या बालपणापेक्षा श्रेष्ठ होते, असे कोणत्या निकषावर ठरवायचे? प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे, की ह्या वादाच्या मुळाशी एक खराखुरा वाङ्मयीन प्रश्न आहे. राइड ही जर संहिता मानली, तर तीत बसणाऱ्याचे स्थान कोणते, हा तो प्रश्न होय.

आरंभ आपल्या परिसरातूनच करू. दसऱ्याला विरारच्या जीवदानी गडाच्या पायथ्याशी जत्रा भरते. महाशिवरात्रीला तुंगारेश्वरी भाविकांची रीघ लागते. कोणत्याही मराठी जत्रेतला पाळणा डोळ्यांसमोर आणावा. त्याच्या फळ्यांवर नटनट्यांची, वाघसिंहांची, कधी देवादिकांची चित्रे भडक रंगांत काढलेली असतात. नवा नट गाजला की जुन्याच्या चेहऱ्यावर त्याचा चेहरा रंगवला जातो. ह्याबद्दल कोणी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही. याचे कारण उघड आहे. चित्र म्हणजे पाळणा नव्हे, हे बसणारा जाणतो. पाळणा वर जाताना पोटात पडणारा खड्डा, टोकावर क्षणभर थांबल्यावर दिसणारे गाव आणि खाली येतानाची ओरड ही त्याची खरी सामग्री. मर्ढेकरांनी कलाकृतीच्या घटनेत संवाद, विरोध आणि समतोल ह्या लयींचा जो विचार केला, तो लावून पाहायचा तर पाळणा ही जवळजवळ शुद्ध लय आहे. चढ आणि उतार ह्यांचा विरोध आणि फेरीच्या पुनरावृत्तीतून साधणारा समतोल, एवढाच त्याचा आशय.

जत्रेत जे चित्र फळीवर असते, ते उद्यानातल्या राइडमध्ये यंत्राच्या पोटात शिरते. चाहत्यांच्या वादाची सुरुवात तेथून होते.

२

रोजे कायवा ह्या फ्रेंच विचारवंताने १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात खेळांचे चार वर्ग कल्पिले : स्पर्धा, दैव, अनुकृती आणि भोवळ. मुलांचे गरगर फिरणे, झोका, जत्रेतील यंत्रे ही भोवळीची उदाहरणे. मुखवटा, नाटक, सोंग ही अनुकृतीची. आपल्याकडे फुगडी पहिल्या प्रकारात मोडेल आणि दशावतार दुसऱ्या. कायवाचे पुढचे निरीक्षण अधिक महत्त्वाचे आहे. आदिम समाजांत मुखवटा आणि भोवळ ह्यांची युती असते, असे तो म्हणतो. जो मुखवटा घालतो त्यालाच भान हरपण्याचा अनुभव येतो.

ह्या दृष्टीने पाहता कथासूत्रबद्ध राइडचा दावा मोठा आहे. भोवळ आणि सोंग ह्यांची तुटलेली युती ती पुन्हा जुळवू पाहते. परंतु ही युती खरी ठरण्यासाठी एक अट आहे. ज्याला भोवळ येते त्यालाच सोंग मिळाले पाहिजे. भोवळ बसणाऱ्याला आणि सोंग समोरच्या यांत्रिक बाहुलीला, अशी वाटणी झाली, की राइडचे दोन तुकडे होतात.

येथे डिस्नेलँडचा इतिहास बोलका आहे. ह्या उद्यानावर लुई मारँने १९७३ साली, उंबेर्तो एकोने १९७५ साली आणि बोद्रियारने १९८१ साली लिहिले. तिघांचेही लक्ष समग्र उद्यानाच्या चिन्हव्यवस्थेवर होते. राइडगणिक संहितावाचन हा त्यांचा हेतू नव्हता. शिवाय त्यांच्या विवेचनात उद्यानात येणारा माणूस बहुधा फसवला गेलेला असतो. तो वाद घालतो, आठवण ठेवतो, जुन्या-नव्याची तुलना करतो, हे त्यात दिसत नाही. म्हणूनच चाहत्यांचे वाद अभ्यासणे आवश्यक ठरते.

१९५५ साली डिस्नेलँड उघडले, तेव्हा तेथील हिमगौरीच्या राइडमध्ये हिमगौरीच नव्हती. तिच्या जागी बसणारा होता. जंगल त्याच्यावर धावून येई, चेटकीण त्यालाच सफरचंद देऊ करी. पीटर पॅन आणि मिस्टर टोड ह्यांच्या राइडचीही कल्पना हीच. निवेदनाच्या परिभाषेत बोलायचे तर ह्या प्रथमपुरुषी संहिता होत्या. परंतु प्रेक्षकांना हा संकेत उमगला नाही. हिमगौरी कोठे आहे, असे ते विचारीत राहिले. अखेर १९८३ च्या नूतनीकरणात तिची बाहुली बसवण्यात आली आणि संहिता तृतीयपुरुषी झाली. कॅरिबियन चाच्यांची राइड १९६७ ची. तीत नायक नव्हता. जळत्या शहरातून नाव जाई आणि जे दिसेल त्याचा अन्वय बसणाऱ्याने लावायचा. ह्या राइडवरून २००३ साली चित्रपट निघाला आणि २००६ साली त्या चित्रपटाचा नायक राइडमध्ये परत आणून बसवला गेला. तेव्हापासून नावेतला माणूस त्या नायकाला शोधू लागला.

ह्या उदाहरणांतून एक दिशा स्पष्ट होते. पुनर्लेखनागणिक बसणारा नायकपदावरून प्रेक्षकपदाकडे सरकत गेला आहे. मात्र हे केवळ मालकांनी लादले असे म्हणता येत नाही, हे हिमगौरीच्या उदाहरणावरून ध्यानात येईल. रिकामी जागा वाचकाने भरायची असते, हे वाचकालाही शिकावे लागते.

३

आता सर्वांत गाजलेल्या वादाकडे वळू. ‘स्प्लॅश माउंटन’ ही पाण्यातून कोसळणारी राइड १९८९ साली डिस्नेलँडमध्ये सुरू झाली. तिची कथा १९४६ च्या ‘साँग ऑफ द साउथ’ ह्या चित्रपटातील ससोबाची. चित्रपटात मळ्यांवरील कृष्णवर्णीयांचे जीवन गोंडस करून दाखवल्याबद्दल प्रदर्शनाच्या वेळीच निषेध झाला होता आणि अमेरिकेत तो घरगुती चित्रफितीच्या रूपात कधीही विक्रीस आला नाही. २०२० साली ही राइड बदलण्याची घोषणा झाली. २००९ च्या चित्रपटातील टियाना ह्या कृष्णवर्णीय नायिकेची राइड २०२४ साली फ्लोरिडात आणि कॅलिफोर्नियात तिच्या जागी सुरू झाली. टोकियोत मात्र जुनी राइड आजही चालते.

जुन्या राइडच्या कैवाऱ्यांनी ‘मूळ’ जपण्याची भाषा केली. परंतु हे मूळ शोधू गेल्यास हाती काय लागते? कॅलिफोर्नियातील राइडमधल्या पुष्कळशा प्राणी-बाहुल्या १९८८ साली बंद झालेल्या ‘अमेरिका सिंग्ज’ ह्या वेगळ्याच खेळातून उचललेल्या होत्या. चित्रपट जोएल चँडलर हॅरिस ह्या गोऱ्या लेखकाच्या पुस्तकांवर आधारलेला. पुस्तके गुलामगिरीतील कृष्णवर्णीयांनी सांगितलेल्या कथांवर. त्यांतील डांबराच्या बाहुलीची कथा तर जातकापर्यंत मागे नेता येते, असे जोसेफ जेकब्स ह्या संग्राहकाचे मत होते. राइडमध्ये ती डांबराची बाहुलीही उरली नव्हती. तिच्या जागी मध आला होता. म्हणजे चाहते ज्याला मूळ म्हणत होते, तो खोडून पुन्हा लिहिलेल्या पाटीवरचा सर्वांत वरचा थर होता.

ह्यावरून बदल योग्यच होता, असा निष्कर्ष काढून थांबता येईल. नैतिक अंगाने तो योग्य होता, ह्याविषयी प्रस्तुत लेखकास शंका नाही. पण रूपाच्या अंगाने प्रश्न शिल्लक राहतो. जुन्या राइडमधील शेवटच्या पडण्याला कथेत अर्थ होता. काटेरी झुडपात टाकू नका, अशी विनवणी करून ससा शत्रूकडून नेमके तेच करवून घेतो. ते झुडूप हेच त्याचे घर असते. बसणारा कोसळतो तेव्हा तो ससा असतो. भीती ही त्याची युक्ती असते आणि पडणे हा त्याचा विजय. भोवळ आणि सोंग येथे एकाच देहात भेटतात. दुर्बळाने बलवानाला चकवण्याची ही कथा ज्यांनी प्रथम सांगितली, त्या गुलामांच्या अनुभवाशी, चित्रपटाला वळसा घालून का होईना, ह्या पडण्याचे नाते होते.

नव्या राइडमध्ये टियाना उत्सवासाठी वादक शोधते. वाटेत जादूने बसणाऱ्याला लहान केले जाते आणि पडताना तो पूर्ववत होतो. सजावट संपन्न, संगीत उत्तम, नायिका आदरणीय. पण पडण्यावाचून अडावे असे काही घडत नाही. अनेक चाहत्यांनी ‘ह्यात खलनायक नाही, संकट नाही’ अशी तक्रार केली. ती वरवरची वाटली तरी रूपाविषयीची अचूक जाणीव तीत आहे. पडणे राहिले, त्याचा अर्थ सैल झाला. वादातील एका पक्षाला नीती दिसली, दुसऱ्याला आठवण. ससोबाची कथा गोऱ्या लेखकाच्या हातून सोडवून तिच्या निर्मात्यांच्या नावे पुन्हा सांगता आली असती, हा तिसरा पर्याय चर्चेत क्वचितच आला.

४

आपल्याकडे काय घडले? ‘स्प्लॅश माउंटन’च्याच वर्षी, १९८९ मध्ये, वसईच्या खाडीच्या दक्षिणेस गोराईला एस्सेलवर्ल्ड उघडले. नायगावची खाडी ओलांडून भाईंदरला उतरावे आणि उत्तनच्या रस्त्याने जावे, ही वसई-विरारकरांची वाट. तेथील बहुतेक राइड जत्रेच्या पाळण्याच्याच कुळातल्या होत्या. नावे इंग्रजी आणि वेग अधिक, पण कथेचा भार फारसा नाही. १९९८ साली शेजारी वॉटर किंगडम आले. वसई तालुक्यातही पारोळला जलउद्यान झाले आणि अर्नाळा-कळंबच्या किनाऱ्यावर तरणतलावांचे रिसॉर्ट उभे राहिले. पाण्याने पाळण्याला मागे सारले आणि अलीकडच्या वर्षांत एस्सेलवर्ल्डची यंत्रे थांबली. कथासूत्राचा खरा प्रयोग २०१३ साली खोपोलीजवळच्या इमॅजिकात झाला. अलीबाबा, नर्मदेच्या खोऱ्यात अवशेष सापडलेला राजासॉरस आणि १९८७ चा ‘मिस्टर इंडिया’ हे तेथील राइडचे विषय. ज्या चित्रपटाचा नायक अदृश्य आहे, तो प्रथमपुरुषी राइडसाठी आदर्श म्हणावा लागेल. नायकाची जागा कथेनेच रिकामी ठेवलेली असते.

तिकडे एक राइड बदलली तर चाहते निषेधाला उभे राहतात. फ्लोरिडातील मिस्टर टोडची राइड १९९८ साली बंद होण्यापूर्वी तेथे चाहत्यांनी जमून निषेध केला होता. येथे अख्खे उद्यान शांत झाले आणि थोड्या हळहळीपलीकडे वाद झाला नाही. आपल्या लोकांना आठवण नाही, असा याचा अर्थ नव्हे. राइड ही कोणीतरी रचलेली, बदलता येण्याजोगी आणि म्हणून जाब विचारण्याजोगी कृती आहे, असे आपण मानलेलेच नाही. जाहिरातीच्या तालापलीकडे त्या अनुभवाला आपण शब्द दिले नाहीत. ज्याला शब्द नाहीत त्याच्या बदलाबद्दल वाद कसा होणार?

हे शब्द परदेशातूनच आणले पाहिजेत असेही नाही. आपल्याच पालघर जिल्ह्यात, जव्हार-मोखाड्याच्या आदिवासी पाड्यांत, बोहाडा होतो. देवादिकांचे आणि राक्षसांचे मुखवटे चढवून गावातलीच माणसे रात्री संबळाच्या तालावर नाचतात. मुखवटा जुना झाला की नवा रंग चढतो, मोडला की नवा घडतो. तेथेही ‘मूळ’ मुखवटा कोणता ते सांगता यायचे नाही. तरी सोंग हरवत नाही. कारण ते ज्याच्या देहावर चढते तो बघ्यांपैकीच एक असतो आणि भोवंडून टाकणारा तालही त्याच्याच पायांत असतो.

राइडच्या पुनर्लेखनाला लावायचा निकष येथे मिळतो. जुने ते जपावे किंवा नवे ते स्वीकारावे, असा सरसकट कौल देता येत नाही. प्रत्येक बदलानंतर विचारावयाचे ते एवढेच : मुखवटा आता कोणाच्या तोंडावर आहे? तो बसणाऱ्याकडून काढून घेतला असेल, तर कथा कितीही निर्दोष असो, काहीतरी हिरावले गेले आहे. तो नव्या माणसांना, ज्यांना पूर्वी तो कधी मिळालाच नव्हता त्यांना, खरोखर चढवता येत असेल, तर जुनी राइड गेल्याचे दुःख सोसण्याजोगे आहे.