हिस्टामीन, दाताचा गर आणि मावशीची गोळी



गेल्या आठवड्यात कामशेतहून मावशीचा फोन आला. लोणावळ्याची कडक चिक्की चावताना दाढ दुखावली होती. "सुजेमागे हिस्टामीन असतं, असं तूच म्हणाला होतास ना? मग घरातली ॲलर्जीची गोळी घेतली. दोन दिवस झाले, ठणका काही थांबेना."

चूक माझी. मी तिला अर्धंच सांगितलं होतं. पण दाताच्या गरावरचे, म्हणजे डेंटल पल्पवरचे काही शोधनिबंधही अर्धंच सांगून थांबतात, आणि आजची माझी तक्रार तीच आहे.

हिस्टामीनचा एच-१ रिसेप्टर रक्तवाहिनीच्या अस्तराकडून नायट्रिक ऑक्साइड सोडवतो. जेम्स ब्लॅक यांच्या गटाने १९७२ मध्ये दाखवून दिलेला एच-२ वाहिनीच्या स्नायूला थेट सैल करतो. दोन्हींमुळे वाहिनी रुंदावते. त्वचेवर गांधी उठते त्यात याचाही वाटा असतो.

दाताचं तसं नाही. गराभोवती टणक डेंटिन, आणि रक्ताची ये-जा मुख्यतः मुळाच्या टोकाच्या बारीक छिद्रातून. एच-१ मुळे बारीक शिरा पाझरतात, पण गराला फुगायला जागाच नाही. मग दाब वाढतो आणि पातळ भिंतीच्या शिरा चेपल्या जातात.

हे तपासायची नेहमीची पद्धत अशी: भूल दिलेल्या कुत्र्या-मांजराच्या सुळ्यावर लेझर डॉप्लर लावायचा, धमनीतून औषध द्यायचं, मग रिसेप्टर अडवून फरक बघायचा. आकडा घसरला की निष्कर्ष तयार: 'गरातल्या वाहिन्या आकसल्या'.

इथेच मी अडतो. एका पाइपलाइनवर चार घरं असतील आणि शेजाऱ्यांनी सगळे नळ सोडले, तर आपली धार बारीक होते. आपला नळ कुणी बंद केलेला नसतो. हिस्टामीनने हिरडीतल्या, आसपासच्या वाहिन्या रुंदावल्या तर गराचं रक्त असंच पळवलं जातं. शिवाय अंगाचा रक्तदाब उतरला तरी आकडा घसरतो. त्यात लेझर डॉप्लर फक्त सापेक्ष आकडा देतो, आणि हिरडी अपारदर्शक रबर डॅमने झाकली नसेल तर तिथलाही सिग्नल मिसळतो. म्हणून रक्तदाब आणि शेजारच्या ऊतींचा प्रवाह सोबत मोजलेला नसेल, तर रिसेप्टरबद्दलचं विधान मला घाईचं वाटतं.

याउलट टॉन्डर आणि क्विन्सलँड यांचं १९८३ चं काम पाहा. त्यांनी मांजराच्या गरात सूक्ष्म सुई घालून दाब थेट मोजला. सुजलेल्या जागी तो वाढलेला, जवळच्याच निरोगी भागात मात्र जवळपास नेहमीइतका! एका कोपऱ्यातल्या सुजेने अख्ख्या गराचा गळा आवळला जातो, ही जुनी समजूत त्यामुळे ढिली पडली. कारण मोजमाप योग्य जागी होतं.

आता मावशीची गोळी. ती फक्त एच-१ अडवते. सुजलेल्या गरात प्रोस्टाग्लँडिन, ब्रॅडिकिनिन, सबस्टन्स-पी हेही असतात. आणि दाढेला चीर गेली असेल, तर तिथून जंतू शिरायचे थांबत नाहीत.

शेवटी तिला तळेगावला दंतवैद्याकडे नेलं. दाढेला चीरच होती. परत येताना म्हणाली, "पुढच्या वेळी पूर्ण सांगत जा बाबा."