प्रार्थनेतील ऋणविमोचन : सूड आणि क्षमा यांचा एक विचार

प्रास्ताविक

ख्रिस्ती उपासनेत क्षमेला मध्यवर्ती स्थान आहे, हे सर्वमान्य आहे. मात्र ज्याच्यावर अन्याय झाला त्याने सूडाची इच्छा सोडावी म्हणजे नेमके काय सोडावे, हा प्रश्न बहुधा अनुत्तरित राहतो. प्रस्तुत लेखात मराठी प्रार्थनाभाषेतील एका शब्दाच्या आधारे त्याचा विचार केला आहे.

‘ऋण’ या शब्दाची व्याप्ती

प्रभूच्या प्रार्थनेचे दोन पाठ आहेत. मत्तयाच्या सहाव्या अध्यायातील मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘देणे’ असा होतो; लूकच्या अकराव्या अध्यायात पूर्वार्धात ‘पाप’ आणि उत्तरार्धात ‘ऋणी’ येतो. प्रचलित मराठी बायबलने मत्तयाच्या पाठात ‘ऋण’ हाच शब्द स्वीकारला आहे. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण आणि ऋणानुबंध या कल्पना रुजलेल्या भाषेत तो सहज सामावला.

परळ-लालबागच्या गिरणगावात या शब्दाला आणखी एक, अधिक बोचरा अर्थ होता. 1931 साली अहवाल देणाऱ्या शाही मजूर आयोगाने देशातील औद्योगिक कामगारांच्या कर्जबाजारीपणाची गंभीर दखल घेतली होती. रुपयामागे दरमहा एक आणा, म्हणजे वर्षाला 75 टक्के, असा व्याजाचा दर तेव्हा सर्रास आढळे. पगाराच्या दिवशी सावकार दाराशी उभा असणाऱ्या माणसाला ऋण सुटणे म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. सूड हीदेखील एक वसुलीच होय. आणि तिचे व्याज धनकोच्याच मनात साचत जाते.

संतपरंपरेतही याचे प्रतिरूप आढळते. तुकोबांनी कर्जखते इंद्रायणीत बुडविली, असे परंपरा सांगते. पण ती त्यांच्या वाट्याची होती, भावाचा वाटा त्यांनी त्याला दिला. हा तपशील मार्मिक आहे. माणूस केवळ स्वतःचे येणे सोडू शकतो. दुसऱ्याच्या वतीने क्षमा करण्याचा, किंवा पीडिताकडे ती मागण्याचा, अधिकार कोणासही नाही.

शापाची स्तोत्रे

मग स्तोत्रसंहितेतील शापवाणीचे काय? 58, 83 आणि 109 ही स्तोत्रे 1971 च्या सुधारित कॅथलिक प्रहरप्रार्थनेतून वगळण्यात आली. उपासकाला होणारा मानसिक क्लेश ध्यानात घेता हा निर्णय समजण्याजोगा आहे. तथापि त्यात काही हरपलेही आहे. या स्तोत्रांतील पीडित स्वतः शस्त्र उचलत नाही, आपला संताप तो देवापुढे मांडतो. येणे किती आहे हे उच्चारल्याखेरीज ते सोडता येत नाही. संताप दडपून केलेली क्षमा ही क्षमा नसून विस्मरणाचा बहाणा ठरते.

‘स्मृतिचित्रे’ची साक्ष

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून प्रसिद्ध होऊ लागली. ना. वा. टिळकांनी 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंच्या वाट्याला काही वर्षांचा विरह आला. 1900 साली त्यांनीही ख्रिस्ती धर्म स्वीकारला. आत्मकथनात त्यांनी ना दुःख लपविले, ना राग. हिशेब पूर्ण मांडला आहे. वसुली मात्र नाही. वसुलीच्या जागी विनोद येतो, आणि तो क्षमेचेच एक रूप आहे. उपदेशपर लेखनात सहसा न आढळणारी ही प्रगल्भता होय.

निष्कर्ष

क्षमा न्यायाची जागा घेत नाही. 1999 साली ओडिशात पती व दोन मुलगे जाळून मारले गेल्यावर ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली. न्यायालयीन प्रक्रिया मात्र चालू राहिली आणि 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने प्रमुख आरोपीची जन्मठेप कायम केली. कायद्याचे येणे समाजाचे असते, द्वेषाचे येणे स्वतःचे. प्रार्थना या दुसऱ्या खतावर बोट ठेवते आणि ते बुडविण्याचा निर्णय ज्याचा त्याच्यावर सोपविते. म्हणूनच ‘ऋण’ हा शब्द मराठी प्रार्थनेत टिकणे अगत्याचे वाटते.