सचीनची झुबेदा : हरवलेल्या चित्रांची साक्ष

मुंबईहून सुरतेस जाणारी गाडी नवसारी व मरोली मागे टाकून सचीन या स्थानकावर येते. आज हे नाव कारखान्यांच्या वसाहतीमुळे परिचित आहे; परंतु कोकणातील वाचकांस त्याची खरी ओळख निराळ्या दिशेने पटावी. जंजिऱ्याच्या सिद्द्यांच्या भाऊबंदकीत अब्दुल करीम खान याने आपला जंजिऱ्यावरील हक्क पेशव्यांस लिहून दिला आणि त्याच्या मोबदल्यात सुरतेजवळचा हा मुलूख घेतला. सचीन संस्थान उभे राहिले ते १७९१ साली. जंजिरा पेशव्यांच्या हाती कधी आलाच नाही, ही गोष्ट वेगळी. कागदावर मिळालेला हक्क आणि प्रत्यक्षात मिळालेली वस्तू यांत अंतर असते, हे आमच्या व्यवसायातील माणसास नव्याने सांगावे लागत नाही.

याच सचीनच्या नबाब सिदी इब्राहिम महंमद याकुतखान यांची कन्या म्हणून झुबेदा हिचे नाव घेतले जाते. तिचा जन्म सुरतेस १९११ साली झाला. माता फातमा बेगम उर्दू रंगभूमीवरील अभिनेत्री. सुलताना, झुबेदा व शहजादी या तिघी बहिणी मातेच्या मागोमाग पडद्यावर आल्या. नबाब व फातमा यांच्या विवाहाचा करार उपलब्ध नाही, नबाबाने या मुलींस आपल्या म्हणून मान्य केल्याची नोंदही नाही. आणि मुस्लिम कायद्यात औरसत्व सिद्ध होते ते विवाहाने किंवा पित्याच्या इक्राराने. सारांश, ‘राजकन्या’ ही उपाधी चित्रपटांच्या जाहिरातींस शोभली, दरबाराच्या दप्तरास ती कधी ठाऊकच झाली नाही. आमच्या वाचकांस यात काही अपरिचित वाटू नये. गोमंतकातील देवळांपुढे ज्या स्त्रियांनी पिढ्यान् पिढ्या गायनसेवा केली त्यांच्या घरांतूनही कित्येक मुली अशाच वाढल्या. गळा त्यांनी मातेकडून घेतला, पित्याचे नाव मात्र त्यांस लावता आले नाही.

झुबेदेचा विचार करताना पहिली अडचण ही की, लोक तिला एकाच गोष्टीसाठी ओळखतात. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावातील मॅजेस्टिक चित्रगृहात अर्देशर इराणी यांचा ‘आलमआरा’ हा पहिला हिंदी बोलपट लागला आणि झुबेदा त्याची नायिका होती. एवढे वाक्य लिहून चरित्रकार थांबतात. परंतु १९३१ पूर्वीची नऊ वर्षे ती मूकपटांची तारका होती, आणि ज्या कीर्तीमुळे तिची त्या बोलपटासाठी निवड झाली ती कीर्ती मुकेपणानेच मिळवलेली होती. कोहिनूर कंपनीचा १९२४ चा ‘गुल-ए-बकावली’ हा तिच्या व फातमा बेगम यांच्या यशाचा मोठा टप्पा. त्याच वर्षीच्या बाबुराव पेंटर यांच्या ‘कल्याण खजिना’ या शिवचरित्रावरील मूकपटाशीही झुबेदा व सुलताना यांची नावे जोडली जातात. जंजिऱ्याच्या वंशाशी नाते सांगणाऱ्या मुलींनी शिवरायांच्या कथेत वावरावे, हा योग चित्रपटसृष्टीतच जुळतो.

मातेविषयी येथे थोडे थांबले पाहिजे. १९१३ साली फाळके यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत व कमलाबाई या मायलेकींनी काम केले, तेव्हा स्त्रीने कॅमेऱ्यासमोर येणे हेच धाडस होते. १९२२ च्या ‘वीर अभिमन्यू’तून पदार्पण करणाऱ्या फातमा बेगमनी अवघ्या चार वर्षांत स्वतःची कंपनी काढून ‘बुलबुल-ए-परिस्तान’ दिग्दर्शित केला. भारतातील पहिली स्त्री दिग्दर्शक हा मान त्यांचा आहे. तो चित्रपटही आज नाही. परीराज्याची ती कथा छायाचित्रणाच्या करामतींनी भरलेली होती असे सांगतात. परंतु करामत पाहिल्यावाचून तिची वाहवा करणे आम्हांस अवघड वाटते. बाईंच्या धैर्याची वाहवा करण्यास मात्र चित्रपट पाहण्याची गरज नाही.

‘आलमआरा’ची कथा वकिलास मोह पाडणारी आहे. नायक मास्टर विठ्ठल हे कोल्हापूरकडचे मराठी नट. शारदा स्टुडिओशी असलेला करार मोडून ते इराणींकडे आले, खटला झाला, आणि त्यांच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर जिना. खटला जिंकला, पण विठ्ठलांचे उर्दू उच्चार काही कोर्टाच्या हुकुमाने सुधारणारे नव्हते, म्हणून नायकास बराच वेळ गुंगीत असलेला दाखवावे लागले. उलट झुबेदेस उर्दू घरचीच. त्या काळची सर्वांत मोठी तारका सुलोचना हिला हिंदुस्थानी सफाईने बोलता येत नसल्यामुळे मागे राहावे लागले, व झुबेदा पुढे आली. चित्रीकरण रात्री चाले, कारण दिवसा शेजारून जाणाऱ्या आगगाड्यांचा आवाज यंत्रात शिरे. पार्श्वगायन अद्याप जन्मास यायचे होते. वादक कॅमेऱ्याच्या नजरेआड दडून बसत आणि नटांस तेथल्या तेथे गावे लागे. सात गाण्यांचा तो बोलपट. त्या गाण्यांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या नाहीत. चित्रपट नष्ट झाला, त्याबरोबर गाणीही गेली.

ती कशी गेली, हे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे संस्थापक पी. के. नायर यांनी सांगून ठेवले आहे. ते अर्देशर इराणींच्या घरी शोध घेत गेले, तेव्हा रिळांतील चांदी काढून ती केव्हाच निकालात काढल्याचे त्यांस कळले. भारतात सुमारे १३०० मूकपट निघाले. त्यांपैकी पूर्ण वा तुकड्यांनी मिळून जेमतेम तीसेक आज हाती आहेत. ‘आलमआरा’ची मागे राहिली ती काही छायाचित्रे, जाहिराती, कथासार देणारी पुस्तिका, आणि त्याच्या प्रती काढण्यासाठी वापरलेले एक यंत्र, जे अलीकडे मुंबईत सापडले.

आता प्रश्न असा की अशा तारकेस पुन्हा रसिकांपुढे आणावे कसे? गेल्या काही वर्षांत मूकपटांस नवे संगीत देऊन ते वाद्यवृंदासह दाखवण्याची पद्धत रूढ झाली आहे. हिमांशू राय यांचा १९२८ चा ‘शिराझ’ लंडनच्या ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने दुरुस्त केला, व २०१७ साली अनुष्का शंकर यांच्या संगीतासह तो लोकांसमोर आला. त्यापूर्वी ‘अ थ्रो ऑफ डाइस’ला नितीन सोहनी यांनी संगीत दिले होते. या दोन्हींत काम करणारी सीता देवी त्यामुळे नव्या पिढीस दिसली. हा उपक्रम आम्हांस मनापासून मान्य आहे. मूकपट मुका कधीच नव्हता. पेटी, तबला व फिडल घेऊन वादक पडद्याशेजारी बसतच असत. नवे संगीत जुन्या काळाची नक्कल करीत नाही, हाही गुणच. पडद्यावरचा चेहरा खरा असतो, आणि आजचे सूर त्याच्यावर भाष्य करतात. भाष्य मूळ ग्रंथाहून वेगळे आहे हे श्रोत्यास उघड दिसते.

परंतु झुबेदेच्या बाबतीत मूळ ग्रंथच उरलेला नाही. मग तिची स्थिर छायाचित्रे सरकवीत पाठीमागे तिसऱ्याच गायिकेची जुनी मुद्रिका लावायची, आणि श्रोत्यांस आपण झुबेदा ऐकली असे वाटू द्यायचे, हा प्रकार आम्हांस नापसंत आहे. १८७२ च्या पुरावा कायद्याने, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या साक्ष अधिनियमानेही, मूळ दस्त हरवला असता दुय्यम पुरावा चालतो असे म्हटले आहे. मात्र आधी तो हरवला हे सिद्ध करावे लागते, आणि दुय्यम पुरावा त्याच दस्ताचा असावा लागतो, शेजारच्या दस्ताचा नव्हे. पुस्तिका हा झुबेदेचा दुय्यम पुरावा आहे. छायाचित्र आहे. दुसरीचा गळा नाही.

बोलपटांतही ती काही वर्षे होती. १९३४ साली नानुभाई वकील यांच्यासह तिने महालक्ष्मी मूव्हिटोन ही कंपनी काढली. (आडनावापुरते ते आमचे व्यवसायबंधू!) सचीनच्या नबाबाचे नाव सांगणाऱ्या मुलीची कंपनी महालक्ष्मीच्या नावाने चालावी याचे त्या काळी कोणास नवल वाटले नसावे, आज वाटते, एवढाच फरक. पुढे हैदराबादच्या धनराजगीर घराण्यात तिचा विवाह झाला. अखेरची वर्षे मुंबईत अपोलो बंदराजवळच्या धनराज महालात गेली, आणि १९८८ साली ती निवर्तली. पुण्याचे संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले होते. म्हणजे चोवीस वर्षे ही साक्षीदार पुण्यापासून एका सकाळच्या प्रवासावर होती.

सुरतेत लिंबायत व उधना या भागांत खानदेशातून आलेल्या मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. तेथील एखाद्या मंडळाने झुबेदेची संध्याकाळ करावयाचे ठरवले, तर आम्ही सुचवू ते असे. प्रथम फाळके यांचा १९१९ चा ‘कालिया मर्दन’ पेटी-तबल्याच्या साथीने दाखवावा. त्यात बाळकृष्ण झालेली मंदाकिनी फाळके आजही यमुनेत उडी घेते, आणि मूकपटातील लहान मुलीचा अभिनय म्हणजे काय हे तिच्यावरून कळते. झुबेदा पडद्यावर आली तेव्हा तीही बालवयातून पुरती बाहेर पडलेली नव्हती. त्यानंतर पुस्तिकेतील कथासार कोणी स्वच्छ आवाजात वाचून दाखवावे. शेवटी तिची छायाचित्रे लावावीत, आणि त्या वेळी वादकांनी वाद्ये खाली ठेवावीत.