पाठमोऱ्या माणसाचे व्यक्तिचित्र

बडोद्यात व्यक्तिचित्र म्हटले की आपल्याला प्रथम राजा रविवर्मा आठवतो आणि त्याच्यामागून राजघराण्यातील ऐश्वर्यशाली मुद्रा. चित्रात चेहरा यावा तो कुणाचा, हे तिथे प्रतिष्ठेने ठरत असे. भूपेन खक्कर (१९३४–२००३) १९६२ मध्ये मुंबईहून याच शहरात कलासमीक्षेच्या अभ्यासासाठी आले आणि अखेरपर्यंत येथेच राहिले. पेशाने ते हिशेबनीस होते. या हिशेबनिसाने व्यक्तिचित्राचा मान कुणाला द्यायचा, हा प्रश्नच नव्याने मांडला.

१९७२ च्या सुमारास त्यांनी रंगवलेली ‘जनता वॉच रिपेअरिंग’, ‘डीलक्स टेलर्स’, ‘बार्बर्स शॉप’ ही चित्रे आज सर्वमान्य आहेत. घड्याळजी, शिंपी, न्हावी ही गल्लीच्या तोंडाशी रोज भेटणारी माणसे. दिनदर्शिकेवरील चित्रांचे भडक, सपाट रंग आणि दुकानांच्या पाट्यांची भाषा त्यांनी निःसंकोचपणे उचलली. या चित्रांतील मिश्कीलपणाला आपण मनापासून दाद देतो. मात्र १९८१ नंतरच्या चित्रांपाशी आलो की आपली पावले अडखळतात. ‘खक्कर मोठे, पण ती चित्रे...’ असे म्हणून वाक्य अर्धेच सोडण्याची आपल्याकडे रीत आहे. ही दोन चित्रविश्वे वेगळी नाहीत, असे मला वाटते.

त्यासाठी चेहऱ्याचा माग काढावा लागेल. १९७५ च्या ‘मॅन विथ अ बुके ऑफ प्लॅस्टिक फ्लॉवर्स’मध्ये एक मध्यमवयीन गृहस्थ हातात कागदी नव्हे, प्लॅस्टिकची फुले घेऊन समोर उभा आहे. त्याच्या भोवती त्याच्याच संसारातील लहानलहान प्रसंग आहेत. चेहरा पूर्ण समोर असूनही तो काहीच सांगत नाही. लोकांत वावरण्यासाठी लावलेला तो चेहरा आहे. आतले माणूस त्यामागे दडलेले आहे.

१९७९ मधील इंग्लंडचे वास्तव्य आणि पुढील वर्षी झालेला आईचा मृत्यू यांनंतर खक्कर आपल्या समलिंगी असण्याविषयी मोकळे झाले. ‘यू कान्ट प्लीज ऑल’ (१९८१) हे त्या मोकळेपणाचे चित्र मानले जाते. सज्जात एक विवस्त्र माणूस उभा आहे आणि खाली गावात बाप, लेक आणि गाढवाची परिचित गोष्ट घडते आहे. गाढवावर कुणीही बसले तरी लोक नावे ठेवतातच, ही गोष्ट आपल्यालाही बालपणापासून ठाऊक आहे. आश्चर्य याचे की स्वतःला उघड करणारा हा माणूस आपल्याला पाठमोरा दिसतो. चेहऱ्याविना हे आत्मचित्र आहे. धैर्य आणि संकोच एकाच देहात इतक्या प्रामाणिकपणे क्वचितच रंगवले गेले असतील. पुढच्याच वर्षीच्या ‘टू मेन इन बनारस’मध्ये दोन पुरुष परस्परांच्या मिठीत आहेत आणि भोवती काशीचा नित्यव्यवहार चालू आहे. येथे चेहरा पुन्हा दिसू लागतो. परंतु तो आता प्रेक्षकाकडे न वळता दुसऱ्या माणसाकडे वळलेला आहे. प्लॅस्टिकच्या फुलांपासून या मिठीपर्यंतचा प्रवास हाच खक्करांच्या व्यक्तिचित्रणाचा खरा विकास होय.

‘ययाति’ (१९८७) मराठी वाचकाला विशेष विचार करायला लावते. खांडेकरांच्या कादंबरीमुळे (१९५९) ययाती म्हणजे स्त्रीसुखाची अतृप्त वासना, हे समीकरण आपल्या मनात पक्के आहे. खक्करांनी त्याच कथेतील निराळा क्षण निवडला. वृद्ध पुरुषदेहाला तरुण पुरुषदेहाकडून मिळणारे नवजीवन त्यांना दिसले. वार्धक्याला आलेला, सुरकुतलेला देह प्रेमास पात्र असतो, हे त्यांच्याइतक्या आस्थेने सांगणारा चित्रकार विरळा.

१९९५ च्या एका चित्राला त्यांनी ‘सखीभाव’ हे नाव दिले. पुरुष भक्ताने स्वतःला कृष्णाची सखी मानावे, ही कल्पना भक्तिपरंपरेतली आहे. नाथांच्या गौळणी आणि विरहिणी आपण टाळ वाजवून गातो. बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीला तर याच बडोदे संस्थानचा आश्रय होता, आणि त्यांच्या शालूचे अनुकरण घरंदाज स्त्रिया करीत. रंगभूमीवरील स्त्रीभूमिका आणि समलिंगी प्रेम या एकच गोष्टी नव्हेत, हे मान्य. तरीही स्त्री-पुरुष यांच्यातील सीमारेषा कीर्तनात आणि नाटकात ओलांडली तर आपण आनंदाने डोलतो, आणि चित्राच्या चौकटीत ओलांडली तर मान खाली घालतो. ही विसंगती आपल्या अभिरुचीची आहे. तिचा दोष चित्रकाराच्या माथी मारता येणार नाही.

खक्करांच्या या जगात स्त्रियांना फारशी जागा नाही, ही त्याची मर्यादा नोंदवायला हवी. बंधमुक्त झालेले हे जग पुरुषांचेच आहे.

खक्करांच्या हयातीत असे प्रेम १८६० च्या दंडसंहितेतील कलम ३७७ नुसार गुन्हा होते. सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांना त्यातून मुक्त केले ते २०१८ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी. त्याआधी २०१६ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयाने त्यांचे मोठे प्रदर्शन भरवले आणि त्याला नाव दिले त्याच पाठमोऱ्या माणसाच्या चित्राचे. न्यायालयाने आपले काम केले, दूरच्या संग्रहालयानेही केले. घड्याळजीच्या चित्रापुढे आपण ज्या जिव्हाळ्याने उभे राहतो, त्याच जिव्हाळ्याने सज्जातल्या त्या माणसामागे क्षणभर उभे राहणे, एवढे काम आपल्यासाठी उरले आहे. त्याच्या शेजाऱ्यांनी ते आधीच करायला हवे होते.